जिनिंगच्या फळ्यांची खोली

घर बांधताना फरशी निवडायला मी जी यादी केली होती, तीत अकरा मुद्दे होते. डाग पडतो का, रंग उडतो का, एखादी फुटली तर तशीच पुन्हा मिळेल का, असे. ओल्या फरशीवर पाय सरकतो का, हा बारावा मुद्दा मला सुचला नाही. तो आईमुळे कळला, आणि त्यासाठी तिचं खुब्याचं हाड मोडलं.

मी मुख्याध्यापिका आहे. याद्या करणं ही माझी सवय आहे आणि नोकरीही. घर बांधायला काढलं तेव्हा दोनशे पानी वही केली होती. प्रत्येक खोलीला दोन पानं. बीडमध्ये पालीच्या रस्त्याला आमचा प्लॉट. पाया भरण्यापासून पडद्याच्या कड्यांपर्यंत सगळं त्या वहीत आहे. नवऱ्याचं औषधाचं दुकान आहे. तो मला कधीमधी ‘यादीबाई’ म्हणतो, पण स्वतःला काही सापडलं नाही की वहीच उघडतो.

आई तलवाड्याजवळ आमच्या गावी भावाकडे राहते. दिवाळी झाल्यावर ती नवं घर बघायला आली. पहिल्या दिवशी तिने सगळ्या खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघरातले खण उघडून पाहिले आणि फरशीकडे बघून म्हणाली, “लई चकाचक केलंस.” मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरातून ओल्या पायाने पॅसेजमध्ये आली आणि पडली. मी कुकर लावत होते. आवाज फार मोठा नव्हता.

ऑपरेशन झालं, हाडात सळई बसली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हाड आम्ही बसवलं आहे, ते जुळेलही, पण पाय त्यांचा त्यांनाच टाकावा लागेल. वॉकर घेऊन रोज चालायचं. दोन-अडीच महिन्यांत चालल्या नाहीत तर मांडी सुकत जाईल, मग कठीण आहे. आणि चालता येत असलं तरच गावाकडे पाठवा. आमच्या गावच्या घरी संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे, भाऊ-भावजय दिवसभर शेतात असतात. पलंगावरच्या माणसाचं तिथे कसं होणार, हे मलाही दिसत होतं.

आईचा मात्र रोज एकच प्रश्न असे. “मी गावाला कवा जायची?”

“चालायला लागलीस की.”

“मंग न्हाईच म्हन की.”

कारण ती चालत नव्हती. दवाखान्यात दोन माणसांनी धरून आठ-दहा पावलं टाकली होती. घरी आल्यावर तेही थांबलं. आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला एक बाई येत. त्यांनी पलंगाशेजारी दुहेरी गोणपाट अंथरून तिला त्यावर उभं करायला सुरुवात केली. गोणपाटावर आई उभी राही. वॉकर धरून पाच मिनिटं, सात मिनिटं. पण गोणपाटाच्या कडेपलीकडे पाय न्यायचा म्हटलं की तिची बोटं आत वळत आणि ती वॉकर मागे ओढे. एकदा मी हट्टाने तिचा उजवा पाय फरशीवर ठेवला. तिने तो असा उचलला की जणू तापल्या तव्याला लागला.

“आई, फरशी कोरडी आहे. मी आत्ता पुसली.”

“पान्यावर पाय ठिवल्यावानी वाटतंय. त्यात माजं तोंड दिसतंय बग.”

खरंच दिसत होतं. ती फरशी मी तीन वेळा दुकानात जाऊन निवडली होती, आणि तिन्ही वेळा मला तिची चमकच आवडली होती.

मी वहीत नवं पान काढलं आणि वर ‘आईची खोली’ असं लिहिलं. रबरी मॅट आणून पाहिली. वॉकरचे पाय तिच्या कडेला अडकत, आणि तिच्या वासाने आई नाकाला पदर लावून बसे. सगळ्या खोलीत गोणपाट अंथरलं, तर ते गोळा होऊन जास्तच धोक्याचं झालं. फरशीला घसरू नये म्हणून लावायचं एक औषध मिळतं, तेही लावलं. फरशी खरंच खरखरीत झाली, पण चमक तशीच राहिली आणि आईचा विश्वास फक्त डोळ्यांवर होता. शहाबादी बसवावी असा विचार केला. त्या थंडीत आईला शेजाऱ्यांच्या ओट्यावरच्या शहाबादीवर पाय टेकवून बसवलं, तर कळ खुब्यापर्यंत गेली म्हणाली.

चौथ्या मुद्द्यावर काट मारली आणि मग मला सुचलं की हे सगळं मीच ठरवते आहे. मी वही बाजूला ठेवली आणि तिला सरळ विचारलं, तुला कुठे चालायला भीती वाटणार नाही?

मला वाटलं, ती गावचं अंगण म्हणेल. तिने पंख्याकडे बघितलं. मग म्हणाली, “जिनिंगच्या माळ्यावर.”

लग्नानंतरची सहा-सात वर्षं, शेतात विहीर होईपर्यंत, कापसाच्या हंगामात आई जिनिंगच्या कारखान्यात कामाला जात असे, एवढं मला माहीत होतं. ती त्याबद्दल फार बोलत नसे. त्या दिवशी बोलली. सरकी काढायची यंत्रं वरच्या माळ्यावर असत आणि माळा सगळा लाकडी फळ्यांचा. बाया डोक्यावर कापसाची पाटी घेऊन जिना चढून जायच्या, यंत्रापुढे ओतायच्या आणि परत खाली. दिवसभर अनवाणी. फळ्यांतून यंत्राचा हादरा तळपायाला लागायचा, फळ्या हिवाळ्यात गार पडत नसत आणि उन्हाळ्यात पोळत नसत. पोटात तुझा भाऊ असताना आठव्या महिन्यापर्यंत गेलते, म्हणाली. “तिथं माजा पाय कदी सरकला न्हाई.”

मी वहीत लिहिलं : लाकूड.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. तो एवढंच म्हणाला की आपल्याकडे लोक लाकडाच्या चौकटी काढून ग्रॅनाइट बसवायलेत, आपण उलटे निघालो. चार दिवसांनी त्यानेच दुकानातून बातमी आणली. शहराबाहेरच्या एका लाकडाच्या वखारीत पाडलेल्या जुन्या जिनिंगचं लाकूड येऊन पडलं आहे. गिऱ्हाईक सहसा दाराच्या चौकटींसाठी तुळया नेतात, फळ्या तशाच आहेत.

त्याआधी मी दुकानं पाहून घेतली. पहिल्या दुकानात ‘लाकडासारखी’ जमीन दाखवली, एकमेकींत खटकन बसणाऱ्या पट्ट्यांची. वरचा थर छापील होता. एका पट्टीवरची गाठ चौथ्या पट्टीवर तशीच पुन्हा दिसली तेव्हा मी उठले. बाभूळ टिकाऊ खरी, पण मिस्त्री म्हणाले ती रुसते. वाकली की परत सरळ होत नाही. नवं सागवान नीट वाळलेलं असेल याची खात्री कुणीच देईना. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ओलं लाकूड आक्रसलं तर फटीत बोट जातं. जुनं सागवान साठ-सत्तर उन्हाळे-पावसाळे खाऊन बसलेलं असतं. त्याला जेवढं आक्रसायचं तेवढं ते आक्रसून झालेलं असतं.

हे मिस्त्री म्हणजे आमच्या घराची दारं-खिडक्या केलेले गृहस्थ. पन्नाशीचे, बोलायला तिखट, हाताला स्वच्छ. आयुष्यात त्यांनी लाकडी जमीन केली नव्हती आणि ते त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. वखारीत ते फळी उचलून तिच्यावर बोटाचं पेर आपटून ऐकत, कड कानशीने घासून वास घेत. आतून पोकळ आवाज आला की ती डावीकडे. वाळवीची बारीक रेघ दिसली की ती डावीकडे. सबंध दुपार गेली. उजवीकडच्या फळ्या मी मोजल्या, खोलीच्या मापाशी ताळा केला आणि फुटतुटीसाठी म्हणून आणखी सहा घ्यायला लावल्या.

“सहा कशाला, मॅडम? मी काय फळ्या मोडायला येणार हाय का?”

“मोडल्या नाहीत तर दाराला उंबरा करा.”

“उंबरा न्हाई करायचा. मायला अडंल त्यो.”

हे माझ्या यादीत नव्हतं. मी तिथेच, वखारीतल्या ओंडक्यावर वही ठेवून लिहिलं : उंबरा नको, पॅसेजशी सपाट.

फळ्यांतले खिळे काढायला मिस्त्रींना दोन दिवस लागले. चौकोनी डोक्याचे जुने खिळे, एकेक बोटभर लांब. मग फळ्या मशीनवर रंधा मारून आणल्या आणि आमच्या बैठकीत, मध्ये बारक्या पट्ट्या घालून, थराथराने रचून ठेवल्या. दोन आठवडे. लाकडाला ज्या घरात राहायचं त्या घराची हवा आधी लागू द्यावी, असं मिस्त्रींचं म्हणणं, आणि ते मला पटलं. त्या दोन आठवड्यांत येणारा प्रत्येक पाहुणा त्या ढिगाकडे बघून विचारी, आणि मी प्रत्येकाला तेच सांगे. एक मावशी म्हणाली, चांगली नवी फरशी फोडून लाकूड, हे कोणी सांगितलं गं तुला? लाकूड दाराला शोभतं, पायाखाली नाही.

आई खुर्चीवर बसून दिवसभर त्या ढिगाकडे बघे. एकदा तिने खुर्ची जवळ घ्यायला लावली आणि एका फळीवरून हात फिरवला. रंधा मारूनही तिच्या मध्यात उथळ खोलगा राहिला होता, पायांनी झिजलेला.

“तुझीच जिनिंग असेल का ही?” मी विचारलं.

“जिनिंगा काय एकच हुती व्हय? अन् असली तरी फळी वळखू यीन का मला?” असं म्हणून तिने हात काढला नाही.

खोलीतली फरशी फोडली त्या दिवशी मी शाळेतून मुद्दाम उशिरा आले. खाली सिमेंटवर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर पट्ट्या, पट्ट्यांवर फळ्या. मिस्त्रींनी पाण्याच्या नळीने पातळी तपासली, मी त्यांच्यामागून पुन्हा तपासली. त्यानंतर दर सकाळी त्यांनी नळी माझ्याच हातात दिली. भिंतीकडेने सगळीकडे करंगळीएवढी फट सोडली. पावसाळ्यात लाकूड फुगलं तर त्याला सरकायला जागा हवी. वरून पट्टी मारली की ती दिसत नाही. खिळ्यांची भोकं त्याच लाकडाच्या भुशाने डिंकात कालवून बुजवली. चार दिवसांत खोली तयार झाली. पॅसेजमधून आत हात फिरवला तर फरशी कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं, हे फक्त गारव्यावरून कळायचं.

पॉलिशला पाच दिवस लागतील म्हणून आईला आम्ही बैठकीतच ठेवलं. दार बंद होतं. शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी मला बोलावून दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. पॉलिशचे पाच हात दिले होते, प्रत्येक हातानंतर घासून. जमीन मधासारखी दिसत होती. खिडकी, खिडकीबाहेरची शेवग्याची फांदी, छताचा पंखा, सगळं त्यात उलटं दिसत होतं. मी मनापासून वाहवा केली.

मग आईची चाकाची खुर्ची दारापर्यंत आणली. व्यायामाच्या बाई होत्या, नवरा दुकान टाकून आला होता. आईने आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिचे दोन्ही पाय खुर्चीच्या पावठणीवरून वर उचलले गेले आणि तिने लुगडं पायांभोवती गुंडाळून घेतलं.

“ह्यात बी माजं तोंड दिसायलंय.”

त्यानंतर चार दिवस ती गोणपाटावरसुद्धा उभी राहिली नाही. व्यायामाच्या बाईंनी मला फाटकाबाहेर थांबवून सांगितलं की मांडीचा घेर कमी होत चालला आहे. मी आत गेले आणि जे बोलू नये ते बोलले. तुझ्यासाठी नवी फरशी फोडली, वखारी पालथ्या घातल्या, तू एक पाऊलही टाकत नाहीस, तुला गावाला जायचंच नाही.

आई रागावली नाही. ती म्हणाली, “मी लाकूड म्हनलं व्हतं. आरसा कावून केलास?”

मी रागाने वही उघडली. तिला दाखवायचं होतं की मी काय काय केलं. ‘आईची खोली’चं दुसरं पान. पॉलिशच्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : टिकाऊ, चांगली चमक हवी. खाली बरोबरची खूण.

आमच्याकडे नवं काम म्हणजे चमकणारं काम. दार असो, भांडं असो, लग्नातला मंडप असो. चमक नसेल तर पाहुणा म्हणतो, काम अर्धंच ठेवलं का? मिस्त्रींनी मला विचारलंही नव्हतं. विचारायचं काय त्यात? आणि आईला पायाखाली जे हवं होतं, ते सगळं निवडून, वाळवून, सपाट करून, शेवटी मी त्यावर पुन्हा तीच फरशी ओतली होती.

मिस्त्रींना बोलावून सांगितलं की पॉलिश काढायचं. त्यांचा चेहरा पडला.

“कावून? कुटं डाग हाय का? कुटं फुगलंय का?”

“नाही. काम फार चांगलं आहे.”

“मंग चांगलं काम कोन खरवडतं, मॅडम? माज्या हातानं तर न्हाई व्हायचं.”

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. न्हाणीतून तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांना चप्पल काढून तळपाय ओला करायला सांगितला. त्यांनी केला. आत दोन पावलं टाकली, वळले, आणि वळताना टाच सरकली. पडले नाहीत, चौकट धरली. चौकट धरून ते तसेच उभे राहिले आणि बैठकीतल्या आईकडे पाहिलं. मग चप्पल घालून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी घासायचं मशीन घेऊन आले.

तीन दिवस घरभर पिवळी धूळ. दारांच्या फटींना ओली फडकी लावूनसुद्धा ती डब्यांत शिरली. पाच हात उतरले आणि खाली कोरडं, फिकट, दमल्यासारखं लाकूड निघालं. आता यावर काय लावायचं, हा प्रश्न. काहीच लावलं नाही तर सांडलेला चहा कायमचा राहील. मिस्त्रींच्या मनात मेण होतं. मेणही सरकतं म्हणून मी काट मारली. तेव्हा आईच बैठकीतून म्हणाली की जवसाचं तेल लावा. औताच्या दांड्याला, गाडीच्या जुवाला तिचे सासरे तेच लावायचे. धरलं तर हाताला चिकटत नाही, चमकत नाही आणि पाऊस आत शिरत नाही.

नवऱ्याने घाण्याचं तेल आणलं. मिस्त्रींनी ते थोडं तापवून, टर्पेंटाइन मिसळून पातळ केलं. पहिल्या दिवशी आईची खुर्ची पॅसेजमध्ये, दारासमोर होती. मिस्त्री पलीकडच्या भिंतीपासून सुरू करून मागे सरकत दाराकडे येत होते, सारवताना बाया येतात तसे. फडक्याने तेल लावत, आणि जरा सढळच लावत.

“तेल पाजायलास व्हय त्याला?” आई म्हणाली. “पुसून घे, बाबा. बोटाला लागंल तेवढंच ठीव. बाकीचं चिकट हुतं अन् मंग त्याच्यावर माती बसती.”

“माय, तीस वर्सं पॉलिश करायलोय मी.”

“म्हनून तर त्वांड दिसलं मला.”

मिस्त्री हसले. पहिल्यांदाच. त्यांनी दुसरं कोरडं फडकं घेतलं आणि लावलेलं सगळं पुसून काढलं. मी वहीत एक ओळ वाढवली : तेलकट फडकी गोळा करून ठेवू नयेत, आपोआप पेट घेतात, पाण्यात भिजवून अंगणात पसरावीत. ही ओळ मी प्रत्येकाला सांगते, इथेही सांगते.

दोन-दोन दिवस वाळू देत तीन हात झाले. तिसऱ्या हाताला आईला राहवेना. दाराजवळच्या शेवटच्या दोन फळ्या राहिल्या होत्या. तिने जळमटं काढायची काठी मागवली, तिच्या टोकाला आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायला लावला आणि खुर्चीत बसून, काठी लांब करून, त्या दोन फळ्या स्वतः पुसल्या. डावीकडून उजवीकडे, अर्धगोल. सारवणाचा हात तसाच राहिला होता.

दोन दिवसांनी सकाळी नऊच्या सुमारास मिस्त्री आले. खिडकीतून ऊन जमिनीवर पडलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. उलटून डोळ्यांत येत नव्हतं. मिस्त्री वाकून बघायला आत पाय ठेवणार, तोच आई खुर्चीतून म्हणाली, “थांब. तू न्हाई. ज्यानं सारवलं त्यानं पहिला पाय ठिवायचा.”

ही आमच्या गावच्या घरातली रीत आहे. सारवलेली जमीन वाळली की नाही, हे जिने सारवलं तीच तळपाय टेकवून बघते. तोवर घरात कुणीही तिच्यावर पाय देत नाही. लहानपणी ती मोडल्याबद्दल मी मार खाल्ला आहे.

“मीच तर लावलंय, माय,” मिस्त्री म्हणाले.

“हां, मंग ठीव.”

मिस्त्रींनी पाय उचलला आणि तसाच हवेत धरला. मग मागे घेतला. त्यांनी दाराजवळच्या दोन फळ्यांकडे पाहिलं.

“न्हाई, माय. शेवटचा हात तुमचा हाय. काठी कुनाच्या हातात व्हती?”

“त्ये दोन फळ्या हायत.”

“सारवन कुटून मोजत्यात तुमच्यात? दारातली फळी कुनाची, त्याचा पाय. मी बाहीर हुबा ऱ्हातो. रोजी बुडली तरी चालंल.”

आई माझ्याकडे बघायला लागली. मी वही छातीशी धरून उभी होते. व्यायामाच्या बाई यायला अजून तास होता. त्या नसताना उभं करायचं नाही, असा नियम मीच पानावर लिहून भिंतीला लावला होता. नवरा माझ्या शेजारी आला आणि हळूच वॉकर आईच्या पुढ्यात सरकवला.

“मामी, मिस्त्री खोळंबलेत,” तो म्हणाला.

“जावईबापू, तुमी बी त्यांच्यातच का?”

पण तिने वॉकर धरला. खुर्ची फळ्यांना भिडवलेली, मी मागे, नवरा बाजूला. ती उठली. डावा पाय आधी, चांगला. तळवा पूर्ण टेकवला नाही; आधी अंगठा, मग चवडा, मग टाच, आणि टाच दोनदा घासून पाहिली, सारवण वाळलं का बघतात तशी. आम्ही तिघं तिच्या पायाकडे बघत होतो आणि ती जमिनीकडे. मग तिने उजवा पाय उचलला. बोटं आत वळली. तशीच, वळलेली बोटं तिने फळीवर ठेवली, आणि ती हळूहळू सरळ झाली.

“वाळलंय,” ती म्हणाली.

ती खिडकीपर्यंत गेली. नऊ पावलं. तिथे वॉकर धरून उभी राहिली, जमीन बघत, आणि मिस्त्रींना म्हणाली की ह्या कोपऱ्यात तुजं फडकं पोचलं न्हाई. मिस्त्रींनी जाऊन बघितलं. खरंच पोचलं नव्हतं.

पुढचं भराभर झालं असं नाही. दहा दिवस ती फक्त त्या खोलीत चालली. खोलीच्या लांबीत आठ फेऱ्या, मग पंधरा, मग वॉकरऐवजी काठी. दारापर्यंत येई आणि लाकूड संपतं तिथे थांबून परत वळे. मी मनात धाकधूक घेऊन होते, कारण गावच्या घरी लाकूड नाही, आणि बीडभर फळ्या काही मी घालू शकत नव्हते. पण यावेळी मी तिला काही म्हटलं नाही.

माघ सरत आला तेव्हा एका दुपारी मी शाळेतून आले तर आई दाराशी उभी होती. काठीचं टोक फरशीवर आणि दोन्ही पाय शेवटच्या फळीवर, तिने स्वतः पुसलेल्या. मला बघून म्हणाली, “पुडची बी सगळी फोडनार हायस का?”

“नाही.”

“मंग गावाला जायचं तर ह्याच्यावरनंच जावं लागंल की.”

“हो.”

तिने खाली बघितलं. फरशीत तिचं तोंड दिसत होतंच. मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, फक्त म्हणाली, जवळ ऱ्हा. मग काठी टेकवली, टाच दोनदा घासली आणि पाय ठेवला. दोन पावलांवर भिंत होती, तिथे हात लावून ती थांबली आणि मागे वळून खोलीकडे बघितलं.

“पावसाळ्याच्या आदी एक हात तेल द्या,” ती म्हणाली. “अन् कोपरा इसरू नगा.”

मी वही काढली. तिने वाट बघितली, माझं लिहून होईपर्यंत. मग आम्ही दोघी पॅसेजमधून बैठकीकडे निघालो. ती पुढे, मी एक पाऊल मागे. तिथे भावाला फोन लावायचा होता, गाडी कधी पाठवतो ते विचारायला.